पऱ्हाटीपासून गॅस: निकेल उत्प्रेरकाला आपली काडी मानवेल का?

कापसाची शेवटची वेचणी झाली की मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर, परभणी या पट्ट्यात बांधावर पऱ्हाटीचे ढीग दिसू लागतात. थोडी चुलीला जाते, थोडी हळद शिजवायला, उरलेली बरीचशी शेतातच पेटवली जाते. आता याच काडीपासून वाहनाचा गॅस आणि हायड्रोजन बनवण्याची चर्चा गावोगाव पोहोचली आहे. त्या चर्चेत ‘धातूचा उत्प्रेरक’ हा शब्द वारंवार येतो. हा उत्प्रेरक नेमके काय करतो, कशाने निकामी होतो आणि त्याचा परभणीच्या शेतकऱ्याच्या खिशाशी काय संबंध आहे, याचा हा आढावा.

थोडक्यात सांगायचे तर, उत्प्रेरक चालणार की बंद पडणार हे मोठ्या प्रमाणात शेतातच ठरते. काडीला किती माती लागली आहे, ती किती ओली आहे, तिच्यात पोटॅश, क्लोरीन आणि गंधक किती आहे, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून काडी स्वच्छ देण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर येणार असेल, तर तिचा मोबदला करारात दिसला पाहिजे.

चर्चा आत्ताच का?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना सुरू केली. कॉम्प्रेस्ड बायोगॅस तेल कंपन्यांनी ठरलेल्या दराने विकत घ्यायचा, असे तिचे स्वरूप आहे. सुरुवातीचा दर किलोला ४६ रुपये होता. पुढे तो वाढवून सीएनजीच्या किरकोळ दराशी जोडण्यात आला. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरी गॅस वितरणात हा गॅस मिसळणे बंधनकारक करण्याचा निर्णय झाला. त्याचे प्रमाण २०२५-२६ साठी १ टक्का, २०२६-२७ साठी ३ टक्के, २०२७-२८ साठी ४ टक्के आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असे ठरले.

दुसरीकडे जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या जाहीर झाली. पाण्याचे विघटन करून मिळवलेल्या हायड्रोजनबरोबर बायोमासपासून तयार केलेला हायड्रोजनही तिच्यात बसतो. मागणी कागदावर तयार झाली आहे, त्यामुळे कच्च्या मालाचा शोध सुरू होणे साहजिक आहे.

मात्र या धोरणांच्या डोळ्यापुढे मुख्यतः पंजाब-हरियाणातील भाताचा पेंढा होता. परभणीत भात नाही. येथे पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचे भुसकट, ज्वारीची धसकटे आणि उसाचे पाचट आहे. म्हणून पंजाबचे गणित येथे जसेच्या तसे लागू होत नाही.

गॅसच्या दोन वाटा

पहिली वाट जिवाणूंची. हवाबंद टाकीत जिवाणू काडी कुजवतात आणि मिथेन तयार होतो. पंजाबमध्ये संगरूर जिल्ह्यातील लेहरागागा येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये असा मोठा प्रकल्प सुरू झाला. रोज सुमारे ३०० टन भाताच्या पेंढ्यापासून ३३ टन गॅस, अशी त्याची क्षमता आहे. या पद्धतीत शेवटी सेंद्रिय खत उरते आणि ते शेतात परत जाऊ शकते. या खताच्या विक्रीसाठी टनाला १,५०० रुपयांचे साहाय्य देण्याचा निर्णय केंद्राने २०२३ मध्ये घेतला.

पण पऱ्हाटी आणि तुराटी लाकडासारखी असते. तिच्यातील लिग्निन जिवाणूंना पचत नाही. टाकीत टाकलेली पऱ्हाटी बरीचशी तशीच राहते.

दुसरी वाट भट्टीची. काडी पूर्ण जळू नये इतकीच हवा देऊन ती ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवली की तिचा गॅस होतो. यालाच गॅसिफिकेशन म्हणतात. या पद्धतीला लाकडी काडीच जास्त मानवते. धातूचा उत्प्रेरक लागतो तो या वाटेवर.

हवा वापरून मिळणाऱ्या या गॅसमध्ये साधारण निम्मा नायट्रोजन असतो. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन प्रत्येकी १५ ते २० टक्के आणि मिथेन अगदी थोडा. एका घनमीटरमध्ये सुमारे ४ ते ५ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. मिथेनमध्ये ती ३६ च्या आसपास असते. म्हणजे भट्टीतून निघालेला गॅस सीएनजी नव्हे. तो भट्टीजवळच जाळायचा गॅस आहे. सिलिंडरमध्ये भरून वाहनात वापरायचा असेल तर त्यावर बरीच प्रक्रिया करावी लागते.

डांबर आणि धातूचे काम

काडी तापताना गॅसबरोबर डांबराची वाफ निघते. गॅस थंड झाला की हे डांबर पाइप, झडपा आणि इंजिनमध्ये चिकटते. इंजिन चालवायचे तर घनमीटरमागे डांबर १०० मिलिग्रॅमच्या आत हवे असते. खालच्या दिशेने गॅस ओढणाऱ्या भट्टीत ते बहुधा १ ग्रॅमच्या आत राहते, तर वरच्या दिशेने गॅस सोडणाऱ्या भट्टीत ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त असू शकते. अनेक लहान गॅसिफायर बंद पडण्यामागे हेच डांबर असते.

डांबर पाण्याने धुता येते, पण मग घाण पाण्याचा प्रश्न उभा राहतो. दुसरा उपाय म्हणजे तापलेल्या अवस्थेतच डांबराचे कण फोडून त्याचाही गॅस करणे. हे काम उत्प्रेरक करतो. उत्प्रेरक म्हणजे अडत न घेणारा अडत्या: देवाणघेवाण घडवून आणतो, स्वतः त्यात खर्ची पडत नाही.

वापरात असलेले मुख्य प्रकार असे:

• निकेल: सुमारे ८०० अंशाला डांबर फोडण्यात अत्यंत प्रभावी. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन करण्यासाठीही निकेलच वापरतात. ही क्रिया पॉल साबातिए आणि जाँ-बाप्तिस्त सांदेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये दाखवली. मात्र निकेल महाग आणि नाजूक आहे.
• डोलोमाइट: चुना आणि मॅग्नेशियमचा दगड. भाजून वापरला की डांबर कमी करतो. स्वस्त आहे, पण मऊ असल्याने त्याची भुकटी होते.
• ऑलिव्हिन: लोह व मॅग्नेशियम असलेले कठीण खनिज. भट्टीतील वाळूच्या जागी वापरतात. डोलोमाइटइतके प्रभावी नाही, पण टिकते.
• लोह आणि तांबे-जस्त: हायड्रोजन वाढवायचा असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेच्या क्रियेसाठी लोहाधारित व तांबे-जस्ताचे उत्प्रेरक लागतात.
• काडीचाच कोळसा: तापलेल्या कोळशाच्या थरातून गॅस नेला तरी बरेच डांबर फुटते. लहान भट्टीसाठी हा सर्वांत सोपा मार्ग.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने ऑक्सिजन आणि वाफ वापरून बायोमासपासून हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र विकसित केले असून २०२२ मध्ये त्याची माहिती जाहीर केली. त्यात १ किलो बायोमासपासून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळतो. बायोमासमध्ये स्वतःचा हायड्रोजन ६० ग्रॅमच असतो, उरलेला वाफेतून येतो. तंत्र शक्य आहे याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो वर्षभर, आपल्या काडीवर, परवडेल अशा खर्चात ते चालवण्याचा.

उत्प्रेरक निकामी कशाने होतो?

ठिबकच्या नळीत क्षार बसले की पाणी थांबते, तसेच उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाचे होते. त्याची चार कारणे आहेत.

१. गंधक: काडीतील गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि तो निकेलला चिकटून बसतो. मिथेन बनवणाऱ्या निकेलसाठी तर गंधक दहा लाखांत एका भागाच्याही खूप खाली आणावे लागते.

२. काजळी: डांबर जास्त किंवा वाफ कमी असेल तर निकेलवर कोळशाचा थर चढतो. तो जाळून काढता येतो, पण प्रत्येक वेळी प्रकल्प थांबतो.

३. पोटॅश आणि क्लोरीन: या दोन्हींची वाफ होऊन ती पुढे थंड भागात बसते. त्यामुळे उत्प्रेरकाची छिद्रे बुजतात, लोखंड गंजते आणि राख वितळून भट्टीत तिचे खडे होतात.

४. अति उष्णता: तापमान हाताबाहेर गेले की निकेलचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग घटतो.

यापैकी पहिल्या आणि तिसऱ्या कारणाचे मूळ शेतात आहे. आपण वापरतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते जास्त दिले की पिकाच्या काडीतील क्लोरीनही वाढते. उलट कापणीनंतर काडीवर पाऊस पडून गेला की पोटॅश आणि क्लोरीन बरेच धुऊन जाते. डेन्मार्कमध्ये गव्हाचा पेंढा जाळणाऱ्या वीजकेंद्रांना असा पावसाने धुतलेला करडा पेंढाच अधिक सोयीचा पडतो. धुऊन गेलेले पोटॅश शेतातच राहते हा आणखी एक फायदा. मात्र आपल्याकडे अवकाळी पावसात भिजलेली काडी काळ्या मातीने माखते आणि नीट वाळली नाही तर बुरशी धरते. म्हणून फायदा मिळेलच असे धरून चालू नये.

पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटली की मुळाला चिकणमातीचा गोळा येतो. ती न झटकता भरली तर ट्रॉलीबरोबर आपल्याच शेताची माती विकली जाते आणि भट्टीत राखेचे खडे होतात.

स्वीडनचा धडा

स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात ‘गोबीगॅस’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. लाकडापासून मिथेन करून तो शहराच्या गॅस जाळ्यात सोडायचा, क्षमता २० मेगावॅट. डिसेंबर २०१४ पासून गॅस जाळ्यात जाऊ लागला. भट्टीत ऑलिव्हिन वापरले होते. तेथे एक गोष्ट लक्षात आली: भट्टीच्या थरात थोडे पोटॅश असले तर डांबर कमी होते. म्हणजे जे पोटॅश पुढच्या टप्प्यातील निकेलला मारक, तेच आधीच्या टप्प्यात उपयोगी.

तंत्र चालले, गॅस अपेक्षेप्रमाणे मिळाला. तरीही २०१८ मध्ये प्रकल्प बंद करण्यात आला, कारण गॅस तयार करण्याचा खर्च बाजारभावापेक्षा जास्त होता. जंगलातील एकसारखे, कमी राखेचे लाकूड हाताशी असलेल्या देशातील हा अनुभव आहे. आपल्याकडे कोणी “तंत्रज्ञान सिद्ध झाले आहे” असे सांगत आले, तर ते खरे असू शकते. पण नफा सिद्ध झाला आहे का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

फलटणचा अनुभव: उत्प्रेरकाशिवाय

महाराष्ट्रात याआधीच झालेले एक काम येथे लक्षात घेण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाचे पाचट, बगॅस, बाजरीची ताटे अशा हलक्या काडीवर चालणारा गॅसिफायर तयार केला. तासाला २८८ ते १,०८० मेगाज्यूल उष्णता देणाऱ्या या यंत्राची ७०० तासांहून अधिक चाचणी झाली. नंतर ते एका कारखान्यातील डिझेलसारख्या तेलावर चालणाऱ्या भट्टीला जोडण्यात आले. काडीच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के कोळसा उरत होता आणि त्याच्या कांड्या करता येत होत्या.

येथे गॅस इंजिनात किंवा सिलिंडरमध्ये भरायचा नव्हता, गरम असतानाच जाळायचा होता. असा गॅस जाळला की डांबरही त्याच्याबरोबर जळते. निकेलची गरजच पडत नाही.

परभणी परिसरात उष्णतेची गरज कमी नाही. हळद शिजवणे, गुऱ्हाळ, डाळ मिल, शेतमाल वाळवणे ही कामे येथे आणि शेजारच्या वसमत भागात होतात. गावपातळीवर गॅसिफायरचा विचार करायचा तर तो आधी उष्णतेसाठी करावा. मात्र या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि तो जीवघेणा आहे. बंद शेडमध्ये अशी भट्टी कधीही चालवू नये.

परभणीत मोठा प्रकल्प आला तर?

एक अंदाज मांडू. कोरड्या पऱ्हाटीच्या टनात १६ ते १७ गिगाज्यूल ऊर्जा असते. त्यातील ६० टक्के मिथेनमध्ये उतरली, तर टनामागे सुमारे २०० किलो गॅस मिळेल. ‘सतत’च्या सुरुवातीच्या ४६ रुपये दराने त्याचे ९,२०० रुपये होतात. आजचा दर हाती घेऊन हा आकडा आपणही काढू शकता. याच रकमेतून यंत्रसामग्रीचे हप्ते, वीज, ऑक्सिजन, उत्प्रेरक, मजुरी, वाहतूक आणि काडीची किंमत भागवायची आहे. जो मध्यस्थ काडीलाच यातला निम्म्याहून जास्त भाव सांगतो, त्याच्याकडे पूर्ण हिशेब मागावा.

रोज १० टन गॅस देणाऱ्या प्रकल्पाला रोज ५० टन कोरडी काडी लागेल. वर्षातील ३३० दिवसांसाठी १६,५०० टन. हेक्टरी २ टन धरली तर सव्वाआठ हजार हेक्टरवरील पऱ्हाटी. ती मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी याच काळात मिळते. म्हणजे ७५ दिवसांत रोज २२० टन काडी उचलावी लागेल आणि उरलेले वर्षभर साठवावी लागेल.

साठवण आणि गुलाबी बोंडअळी

साठवणुकीचा प्रश्न येथे जागेपुरता मर्यादित नाही. २०१७-१८ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापसाचे केलेले नुकसान विसरण्यासारखे नाही. फरदड घेऊ नये आणि हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढावी, ही शिफारस त्यासाठीच आहे. अळी आणि कोष किडक्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगात सुप्तावस्थेत राहतात आणि पुढच्या हंगामात पतंग बाहेर पडतात.

प्रकल्पासाठी पऱ्हाटी वेळेवर उचलली गेली तर फरदड आपोआप थांबेल, हा मोठा फायदा आहे. पण तीच पऱ्हाटी गावाशेजारच्या उघड्या डेपोत जून-जुलैपर्यंत पडून राहिली, तर आजूबाजूच्या गावांच्या कापसाला धोका वाढेल. त्यामुळे उचलतानाच श्रेडरने बारीक करणे, किडकी बोंडे वेगळी करून नष्ट करणे आणि डेपोभोवती कामगंध सापळे लावणे या अटी करारात असाव्यात.

कोणता अवशेष कुठे द्यावा?

• पऱ्हाटी व तुराटी: गॅसिफायरसाठी सर्वांत योग्य. राख कमी, लाकूड जास्त. किडीच्या दृष्टीनेही पऱ्हाटी शेताबाहेर गेलेली चांगली. गिऱ्हाईक नसेल तर जाळू नये, श्रेडरने बारीक करून कुजवावी.
• सोयाबीनचे भुसकट: जनावरांना किंवा जमिनीला. हलके असल्याने वाहतूक महाग पडते.
• ज्वारीचा कडबा: आधी गोठ्याला. टंचाईच्या वर्षी त्याची किंमत कोणत्याही गॅस प्रकल्पापेक्षा जास्त असते.
• उसाचे पाचट: शेतातच आच्छादन करावे. ओल टिकते आणि कर्ब वाढतो.
• शेण व ओला कचरा: जिवाणूंच्या बायोगॅससाठी. भट्टीत घालू नये.

भट्टीत गेलेल्या काडीतील नत्र आणि बहुतेक कर्ब शेतात परत येत नाही. पोटॅश आणि चुना राखेत उरतो. म्हणून दरवर्षी सगळ्या शेतातील सगळी काडी विकणे हिताचे नाही. एखाद्या वर्षी पऱ्हाटी दिली तर सोयाबीनचे भुसकट आणि तुरीचा पाला जमिनीत राहील असे पाहावे.

करारापूर्वी हे विचारा

१. भाव ओल्या वजनावर की कोरड्या? ३० टक्के ओलाव्याच्या टनात ७०० किलोच कोरडी काडी असते, १२ टक्के ओलाव्याच्या टनात ८८० किलो. ओलावा आपल्यासमोर मोजला जावा आणि वजनकाट्याची पावती मिळावी.

२. स्वच्छ काडीला जादा दर आहे का? माती झटकून, वाळवून दिलेल्या काडीमुळे उत्प्रेरकाचे आयुष्य वाढते. कपात लिहिली असेल तर जादा दरही लिहिलेला असावा.

३. उपटणे, भरणे, वाहतूक कोणाची? हे खर्च वजा करून एकरी हाती काय उरते ते काढावे. पऱ्हाटी काढण्याची मजुरी आपण तशीही देतो, तेवढी वाचली तरी तो फायदा धरावा.

४. उचल कोणत्या तारखेपर्यंत? पुढच्या पिकाची मशागत थांबू नये. उशीर झाल्यास भरपाई काय, ते लिहून घ्यावे.

५. राख किंवा कोळसा परत मिळेल का, आणि कोणत्या टप्प्यावरचा? भट्टीच्या तळाची स्वच्छ काडीची राख तपासून शेतात वापरता येते. निकेलच्या टप्प्यातील वापरलेला उत्प्रेरक किंवा ऑलिव्हिन मिसळलेली राख शेतात अजिबात घेऊ नये. वापरलेला उत्प्रेरक २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. त्याची विल्हेवाट प्रकल्पाने लावायची असते.

६. आगाऊ पैसे मागतात का? काडी विकणाऱ्याने सभासद शुल्क किंवा अनामत भरण्याचे कारण नाही. शुल्क मागितले तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कर्जमंजुरी आणि गॅस खरेदीचा करार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात असा प्रस्ताव आला तर पहिले काम काडीच्या तपासणीचे. कोरडवाहू आणि बागायती अशा दोन्ही शेतांतील पऱ्हाटीचे नमुने घेऊन राख, ओलावा, क्लोरीन आणि गंधक तपासून घ्यावे. हे आकडे हाती असतील तर भावाची बोलणी अंदाजावर होणार नाहीत. दुसरे काम शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गटामार्फत एकत्रित करार करण्याचे. एकट्या शेतकऱ्याची दोन ट्रॉली काडी कोणी मोजत नाही. पाचशे एकरांची काडी एका गटाकडे असेल तर अटी घालता येतात. तिसरे, डेपोची जागा कापसाच्या शिवारापासून दूर ठेवण्याचा आग्रह धरावा.

मिथेन किंवा हायड्रोजनचा मोठा प्रकल्प जिल्ह्यात येईल तेव्हा येईल. तोपर्यंत या हंगामात करण्यासारखे तीन निर्णय आपल्या हाती आहेत: फरदड न घेता पऱ्हाटी वेळेवर काढणे, ती न जाळता बारीक करणे आणि विकायची असेल तर माती झटकून, वाळवून, वजनाच्या पावतीवर विकणे. अधिक माहितीसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संपर्क साधावा.